सात नंबरची बरणी

७ एप्रिल, सोमवार

सात नंबरवर करंदी! करंदी म्हणे!

अकरा वर्षं ती बरणी मी पुसतोय. फॉर्मॅलिन कमी झालं की वरून घालतो, झाकणाच्या कडेला मेण लावतो. लेबल माझ्या हातचं — काळी शाई, वळणदार अक्षर, एक वेलांटी इकडची तिकडे नाही. ‘कोळंबी’. आणि आज प्रात्यक्षिक परीक्षेत एकतीस जणांतली एक जण लिहिते — करंदी!

बाहेरून आलेल्या परीक्षक सरांनी मार्क दिले, मी बेरजा करून वाचून दाखवल्या, आमच्या विभागप्रमुख मॅडमनी तक्त्यात भरल्या. दरवर्षीचंच. बेरजेत माझा हात कोणी धरत नाही म्हणून ते काम माझ्याकडे. पन्नासपैकी वीस आले की पास. त्या बाईंना अठरा. सात नंबरचे तीन मिळाले असते तर एकवीस झाले असते. तिसरी खेप त्यांची, आणि नियमाने शेवटची.

बाई म्हणजे चौतिशीच्या. मासळी गोठवण्याच्या कारखान्यात कोळंबी सोलतात. सकाळची पाळी करून दुपारी वर्गाला येतात — येतात म्हणजे निम्मे दिवस. मुलं त्यांना ‘सोलणाऱ्या ताई’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्याही हसतात. पास झाल्या तर त्याच कारखान्यात माल तपासायच्या टेबलावर घेणार आहेत. बसायला खुर्ची, हात कोरडे. नाही तर पुन्हा बर्फाच्या पाण्यात. जागा याच महिन्यात भरायची आहे. हे सगळ्या वर्गाला पाठ आहे.

जाता जाता मला म्हणाल्या, “काका, सात नंबरची तुम्ही कधी बाहेर काढून बघितलीत का?”

मला विचारतात!

मी म्हटलं, “बाई, तुम्ही सोला. ओळखायचं आमच्यावर सोडा.”

मुलं फिदीफिदी हसली. तेव्हा बरं वाटलं. लिहिताना तितकं वाटत नाही.

लेकीला एकतीस. तीस किंवा वर असले तर पुढच्या शिक्षणाची जागा पक्की. तिच्या आईने देवापुढे साखर ठेवली. लेक परीक्षेला बसलीय म्हणून कोणत्या बरण्या ठेवायच्या ते मॅडमनी ठरवलं. मी फक्त मांडल्या, तेही त्या समोर उभ्या असताना. उद्या कोणी बोट दाखवायला नको.


८ एप्रिल, मंगळवार

डोक्यातून जात नाही. ‘कधी बाहेर काढून बघितलीत का?’ — विचारायची एक रीत असते!

मी इथे प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागलो तेव्हा दहावी नापास होतो. आजही आहे. पण या इमारतीत कोळंबी आणि करंदी यांतला फरक विचारायचा झाला तर नव्या मास्तरांनाही माझ्याकडे धाडतात. बाजारातली माणसं आकारावर जातात. मोठी ती कोळंबी, बारकी ती करंदी. साफ चूक! आकाराचा काही संबंध नाही. अंगावरची कवचं बघायची, तीही बाजूने. कोळंबीची कवचं कौलं घातल्यासारखी — पहिलं दुसऱ्यावर, दुसरं तिसऱ्यावर, असं ओळीने शेपटीपर्यंत. करंदीत दुसरं कवच दांडगं. ते पहिल्यावरही चढतं आणि तिसऱ्यावरही. दोन्ही शेजाऱ्यांच्या अंगणात पाय! शिवाय चिमटे असलेले पाय मोजायचे. कोळंबीला तीन जोड्या, करंदीला दोन. कोळंबी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते, करंदी पोटाखाली धरून हिंडते.

हे मला कोणी शिकवलं नाही. शब्दकोश मांडीवर घेऊन शिकलो. एकेका शब्दाला अर्धा अर्धा तास. आणि त्या बाईंना हे कोणी शिकवलं? मीच! फळ्यावर आकृती काढून, रंगीत खडूने. माझीच काठी, माझीच पाठ.

हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, “अहो, मग उघडून बघा की. बरणी उघडायला काय मुहूर्त लागतो?”

“गरज काय?”

“गरज नाही तर मघापासून बोटं काय मोजताय?”

बघितलं तर खरंच मोजत होतो. दोन जोड्या, तीन जोड्या.

लेक शेजारी बसून प्रवेशाचा फॉर्म भरत होती. बरणीचा विषय निघाल्यावर तिने मान वर केली नाही.


९ एप्रिल, बुधवार

आज मॅडम सहज बोलून गेल्या आणि माझ्या पायाखालची वाळू सरकली.

“सर सात नंबरवर थबकले होते हं, काका. त्या सोलणाऱ्या बाईंचा पेपर तपासताना. म्हणाले, ही कोळंबीच ना नक्की? उठून बघायला निघाले होते. मी म्हटलं, सर, बसा. लेबल आमच्या काकांचं आहे, त्यांचं चुकत नाही. मग बसले.”

हसत हसत सांगितलं. माझं कौतुक म्हणून!

मीही हसलो. काय करणार? ‘अहो, तसं काही नाही’ एवढंच तोंडातून आलं. माझ्या तोंडातून असलं वाक्य निघालं की लोक त्याला नम्रपणा समजतात.

दुपारी संग्रहालयाची खोली रिकामी होती. दोनशे चौदा बरण्या आणि मी. सात नंबर अजून परीक्षेच्या टेबलावरच होती, लेबल भिंतीकडे. परीक्षेत आम्ही तसंच ठेवतो — नाव भिंतीकडे आणि पुढे फक्त बरणीच्या आकड्याची चिठ्ठी. एरवी फडताळात लेबल समोर असतं.

आणि हे लेबल चार बोटं रुंद. नाव ठळक यावं म्हणून मीच तसं कापलं होतं. ते बरोबर जनावराच्या मधल्या अंगावर येतं. पहिलं, दुसरं, तिसरं कवच — सगळं कागदाखाली! दिसतं ते डोकं, मिशा आणि शेपटी. अकरा वर्षं मुलं झाकणाच्या रंगावरून, मिशीच्या वळणावरून बरणी ओळखतात आणि नाव घोकतात. जनावर कोणीच बघत नाही. सात नंबर याआधी परीक्षेला कधी लागली नव्हती; सोमवारी पहिल्यांदा त्याची दुसरी बाजू उजेडात आली. आणि जिला बरण्या पाठ करायला वेळ नव्हता, तिने जनावर बघितलं.

मी काचेतून बघितलं. दुसरं कवच पुढे चढल्यासारखं दिसलं.

गोल काच आहे. गोल काचेत सरळ पट्टीसुद्धा वाकडी दिसते. असं मनाशी म्हटलं आणि बरणी उघडली नाही. भ्यालो. इथे दुसरं कोणी वाचत नाही म्हणून लिहितो — भ्यालो.


१० एप्रिल, गुरुवार

सकाळी साडेसातला गेलो. झाडणारी बाई यायच्या आधी. मेण चाकूने सोडवलं, चिमट्याने जनावर ट्रेमध्ये काढलं, धुतलं. डोळे चुरचुरत होते — फॉर्मॅलिनने. बाजूने धरलं.

दुसरं कवच पहिल्यावर. दुसरं कवच तिसऱ्यावर.

चिमट्यांच्या जोड्या मोजल्या. दोन. पुन्हा मोजल्या. भिंगाखाली मोजल्या. तिसऱ्या पायाला चिमटा फुटावा म्हणून जणू नवस बोलत होतो! दोनच.

करंदी. नदीतली, हातभर मिशांची, चांगली वीतभर मोठी — पण करंदी. मी तिच्या आकारावर गेलो होतो. मी! बाजारातल्या माणसासारखा! इतरांना अकरा वर्षं फळ्यावर ‘आकार बघू नका’ म्हणून शिकवलं, आणि स्वतः लेबल लिहिताना मोठी दिसली म्हणून कोळंबी लिहून मोकळा झालो. पहिल्या दहा-बारा बरण्यांतली ती एक. नवी नवी शाई, नवा नवा तोरा.

परत बरणीत घातली. लेबल होतं तसंच ठेवलं.


१० एप्रिल, गुरुवार, दुपारी

कारखान्यात गेलो. का गेलो, सांगता येत नाही. आपण चुकलो हे कळल्यावर माणूस आणखी एक पुरावा मागतो — कदाचित उलटा निघेल म्हणून.

पाळी सुटायची वेळ. सोलायची खोली म्हणजे लांबलचक स्टीलची टेबलं, पायाशी पाणी, पांढऱ्या टोप्या घातलेल्या चाळीसेक बाया. गार हवा कानात शिरते. बाईंनी मला दारातच ओळखलं.

“या या काका! सोलायला आलात?”

शेजारची म्हणाली, “कोण गं हे?”

“आमचे गुरुजी. म्हणतात, तुम्ही सोला, ओळखायचं आम्ही बघतो.”

सगळं टेबल हसलं. आज मात्र त्या हसण्यात माझी बाजू नव्हती. कमावलं होतं, घेतलं.

मी म्हटलं, “तुम्ही कशावरून लिहिलंत ते विचारायला आलो.”

त्यांनी टोपलीतून दोन उचलल्या. एक समुद्रातली, एक नदीतली. दोन्ही सारख्याच मोठ्या. “हात पुढे करा. नाही, अंगठा. पुढून नख घाला. ही बघा, सरळ मागे जातंय — एकेक कवच सुटतंय. आता ही. अडलं ना? दुसरं कवच पहिल्यावर बसलंय. इथे सगळ्या नव्या पोरींची नखं मोडतात. बाजारात दोन्हींना कोळंबीच म्हणतात हो, भावही कोळंबीचाच लागतो. पण तुम्ही फळ्यावर ते चित्र काढलंत ना, तेव्हा मला कळलं, की हात का अडतो. चौदा वर्षं अडत होता, नाव माहीत नव्हतं.”

त्यांची बोटं बघितली. टोकं पांढरी, चिरा पडलेल्या, दोन नखं मुळापासून काळी. मी नजर दुसरीकडे वळवली.

“बघितलीत तुम्ही,” त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

“बघतो,” मी म्हटलं.

“सर उद्यापर्यंतच आहेत म्हणे. शनिवारी मार्कांचं पाकीट जातं.” मग टोपली उचलत, “बघा बाई काय ते. मी काही तुमच्या पाया पडणार नाही.”

त्या पाया पडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. उपकार करतोय असं तरी वाटलं असतं.

घरी येताना हिशेब केला. आता तोच छातीवर बसलाय. सात नंबर करंदी ठरली तर बाकी तीस जणांचे तीन-तीन मार्क जाणार. बहुतेकांना काही फरक पडत नाही. भरपूर आहेत त्यांना. फरक पडतो तो एकीलाच.

एकतीस वजा तीन, अठ्ठावीस.

फडताळातल्या सगळ्या बरण्या तिला मीच पाठ करून घेतल्या. दोन महिने, रोज सकाळी, एकेक करून. ‘सात?’ ‘कोळंबी.’ ‘कारण?’ ‘पहिलं कवच दुसऱ्यावर.’ ‘शाब्बास!’


११ एप्रिल, शुक्रवार, सकाळी

ही विचारते, चहा गार का केलात. लेक नवी पिशवी शिवायला टाकायची म्हणतेय, पुढच्या कॉलेजसाठी.

गप्प बसलो तर कोणाला कळणार? सर विसरले. मॅडमचा माझ्यावर विश्वास. बाईंचं कोण ऐकणार, तीनदा नापास झालेल्या. बरणी परत फडताळात, लेबल समोर. झालं! पुढच्या वर्षी गुपचूप बदलून टाकायचं.

सगळं बसतं. एक वेलांटी इकडची तिकडे नाही. म्हणूनच किळस येते.


११ एप्रिल, शुक्रवार, संध्याकाळी

सांगितलं.

दहा वाजता बरणी छातीशी धरून मॅडमच्या खोलीत गेलो. परीक्षक सर तिथेच होते, पाकिटांना लाख लावायची तयारी चाललेली. मी म्हटलं, “सात नंबरची करंदी आहे. लेबल चुकलंय. मी चुकलोय.”

मॅडम म्हणाल्या, “काका, बरं वाटत नाहीये का?”

“बरं आहे. बाजूने बघा.”

सरांनी भिंग घेतलं. वेळ घेतला. मग मान हलवली आणि माझ्याकडे नाही, मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“बाईंना तीन द्यायचे,” सर म्हणाले. “त्याला काही प्रश्नच नाही.”

मॅडम लगेच म्हणाल्या, “मग बाकीच्यांचेही राहू देत ना सर. चूक आमची. मुलांनी लेबलाप्रमाणे लिहिलं.”

मला वाटलं, सुटलो! एक क्षण खरंच वाटलं. बाईंचं काम झालं, लेकीचंही राहिलं, आणि वर मी खरं बोललो! देव इतका स्वस्त असतो का?

सर म्हणाले, “लेबल भिंतीकडे होतं, मॅडम. प्रश्न काय होता? ‘समोरच्या जनावराची कवचं बघून नाव व कारण लिहा.’ तीस जणांनी लिहिलं, पहिलं कवच दुसऱ्यावर आहे. समोर उलटं दिसतंय! नाव चुकलं ते तुमच्यामुळे. पण जे डोळ्यांना दिसत नाही ते दिसतं म्हणून लिहिलं, ते कोणामुळे?”

माझ्यामुळे.

मॅडम अडखळल्या. “यांची मुलगी आहे सर, त्या तीस जणांत.”

सर पहिल्यांदा माझ्याकडे वळले. “तुम्हाला माहीत होतं? येताना?”

“हो.”

“बेरीज केली होती?”

“अठ्ठावीस होतात.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नरम पडतील असं वाटलं. पडले नाहीत. बरंच केलं. नरम पडले असते तर माझ्या खरं बोलण्याला वास आला असता. म्हणाले, “लेखी द्या. लेबल तुम्ही लिहिलं, कधी लिहिलं, काय चुकलं. सही करा. पेपर पुन्हा तपासतो. बेरजा या खेपेला मॅडम करतील.”

लिहून दिलं. चांगल्या अक्षरात. त्या कागदाएवढं सुबक मी आयुष्यात दुसरं काही लिहिलं नसेल.

घरी येऊन लेकीला सांगितलं, उभ्या उभ्याच. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. “बरं,” म्हणाली. एवढंच. पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली.

हिने मात्र सोडलं नाही. “आख्ख्या जगात खरं बोलायला तुम्हाला हीच बरणी सापडली? ती बाई कोण कुठली! पोटची पोर दिसली नाही?”

“दिसली.”

“मग?”

मग काय. त्या बाईंच्या बोटांचं सांगायला गेलो तर हिला वाटलं मी विषय बदलतोय. तिने आमटीचं भांडं आदळलं. जेवलो नाही कोणीच.


१२ एप्रिल, शनिवार, दुपारी

पाकीट गेलं. बाई एकवीस, पास. दारात आल्या होत्या, कारखान्याच्याच कपड्यांत. आभार मानले नाहीत. म्हणाल्या, “तुमच्या लेकीचं कळलं.” मग, “एक वर्षाचं आहे हो काका. मी तीन घालवली.” मी म्हटलं, “टेबलावर बसल्यावर खुर्चीची उंची नीट करून घ्या, पाठ धरते.” त्या गेल्यावर नवं लेबल लिहिलं. अरुंद. कडेला चिकटवलं.


१२ एप्रिल, शनिवार, संध्याकाळी

मॅडमनी बोलावून लेकीचा पेपर दाखवला. खरं तर दाखवायचा नसतो.

सात नंबरसमोर आधी लिहिलेलं — ‘करंदी. दुसरं कवच पहिल्यावर व तिसऱ्यावर.’ ते खोडून खाली ‘कोळंबी’.

घरी विचारलं. म्हणाली, “मला दिसलं होतं बाबा. पण मग वाटलं, तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं का?”